रामा शेट्टी, महाराणी आणि शादीराम घरजोडे: सदाशिव अमरापूरकर

तिसरी_घंटा

परवा रविवारी आमच्या चिरंजीवांना (वय १९, मोबाईल हाताला चिकटलेला) 'अर्धसत्य' बघायला बसवलं. बसवलं म्हणजे अक्षरशः, वायफाय बंद करून. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, हा व्हिलन ओरडत का नाही?"

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

व्हिलन म्हणजे रामा शेट्टी, म्हणजेच अमरापूरकर. प्रसंग आठवा. शेट्टीच्याच एका माणसाला जाळून टाकून दिलेलं असतं. तो जबानीत शेट्टीचं नाव घेतो. सब-इन्स्पेक्टर वेलणकर, म्हणजे ओम पुरी, ती जबानी घेऊन शेट्टीला उचलायला जातो. पुरावा आहे, अंगावर वर्दी आहे, डोक्यात संताप आहे. शेट्टी काय करतो? फोन लावतो. पलीकडे वेलणकरचाच साहेब. साहेब सांगतो, निघ तिथून. वेलणकर हात हलवत परत. या सगळ्यात शेट्टीला घाई म्हणून नाही. रेशनच्या दुकानातला माणूस "आज साखर नाही" ज्या थंडपणे सांगतो, तोच थंडपणा. भीती वाटते ती त्याची.

त्या काळचे हिंदी खलनायक डोळ्यांसमोर आणा. गुहा, लाल दिवे, फिरती खुर्ची, मांडीवर मांजर. आणि त्यात हा माणूस, पालिकेच्या व्हरांड्यात बिल पास व्हायची वाट बघणाऱ्या कंत्राटदारासारखा दिसणारा. (शेट्टी पुढे पालिकेच्या निवडणुकीलाच उभा राहतो, हे ओघाने आलंच.)

माहिती थोडक्यात, कारण ती सगळीकडे मिळते. जन्म ११ मे १९५०, नगर जिल्हा. खरं नाव गणेश, सदाशिव हे नाटकासाठी घेतलेलं. घरचे आणि जवळचे 'तात्या' म्हणायचे. इतिहास विषय घेऊन शिकले आणि नाटकात रमले. 'हँड्स अप' या मराठी नाटकात गोविंद निहलानींनी त्यांना पाहिलं आणि रामा शेट्टी दिला. १९८४ साली सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं.

आता मला खरं बोलायचंय ते १९८३ या एका वर्षाबद्दल. 'अर्धसत्य' त्याच वर्षीचा. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची. आणि त्याच वर्षी तेंडुलकरांचंच 'कन्यादान' रंगमंचावर आलं. नाथ देवळालीकरांच्या भूमिकेत डॉ. लागू, आणि दिग्दर्शक? सदाशिव अमरापूरकर. म्हणजे एकाच वर्षी हा माणूस एकीकडे तेंडुलकरांचा गुंड रंगवतोय आणि दुसरीकडे तेंडुलकरांचं सगळ्यात अवघड, दोन्ही बाजूंच्या लोकांना झोंबणारं नाटक बसवतोय. हिंदीवाल्यांनी त्यातला गुंड तेवढा उचलला. पुढची तीस वर्षं त्याच्याच झेरॉक्स काढल्या.

तर बोला मंडळी. त्यांचं कुठलं काम तुमच्या डोक्यात राहिलंय? कलाकारांची जंत्री नको, एखादा प्रसंग सांगा.

चहाबिस्कीट

पयला! वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). सावकाश लिहिते.

नगरी_नग

नगरकर हजर. जुन्या नाटकवाल्यांपुढे आमच्याकडे कुणी "सदाशिव अमरापूरकर" असं पूर्ण नाव घेतलं की तो बाहेरगावचा, हे लगेच कळतं. तात्या म्हणजे तात्या.

एक सुधारणा नाही, पुरवणी. नगरला नाटक म्हणजे हौस आणि राज्य नाट्य स्पर्धा. स्पर्धेचं नाटक कसं उभं राहतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. तालमीला जागा म्हणजे कुठल्यातरी शाळेचा वर्ग, सहानंतर. बाकं भिंतीला लावायची, खडूने लेव्हल आखायच्या, दिग्दर्शकच सेटचे खिळे ठोकणार आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात संवाद पाठ होणार. असल्या शाळेतून आलेला माणूस स्पॉटबॉयने छत्री धरली नाही म्हणून रुसत नाही.

३ नोव्हेंबर २०१४ ला मुंबईत गेले. अंत्यसंस्कार मात्र नगरला झाले. मुंबईत नाव काढलेली माणसं शेवटीही मुंबईचीच होऊन जातात, हे तसे झाले नाहीत.

विंगेतला

तिसरी_घंटा, तुमच्या मुलाच्या प्रश्नावर मला थोडं लांबण लावायची आहे. मी पंधराएक वर्षं हौशी नाटकं केली, त्यातली बारा तरी पडली. तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

'हँड्स अप'मध्ये हशा मिळवायचा होता. हशाच्या नाटकात नट सगळ्यात आधी काय शिकतो? थांबायला. वाक्य टाकलं, हशा आला, तो चढतो, मग उतरायला लागतो, आणि तो पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य घ्यायचं. लवकर घेतलंत तर हशात बुडतं, उशीर केलात तर नाटक बसतं. आमच्या एका नटाला हे कधी जमलं नाही. हशा आला की तो बिचारा घाबरून जोरात बोलायचा. प्रेक्षकांना अर्धं नाटक ऐकूच यायचं नाही.

आता असा हशा कमावलेला नट कॅमेऱ्यासमोर उभा करा. समोर प्रेक्षक नाहीत, हशा नाही. पण थांबायची सवय हाडात गेलेली असते. वाक्य संपलं की तो समोरच्याकडे बघत राहतो. हास्याची जागा रिकामी राहते आणि त्या रिकाम्या जागेत धमकी जाऊन बसते. रामा शेट्टी घाबरवतो तो असा, असं माझं मत. विनोदी नटांनी केलेले खलनायक जास्त गार असतात त्याचं कारणही हेच असावं. निळूभाऊंचं बघा. 'सारांश'मधला त्यांचा पुढारी आठवा, तोही आवाज चढवत नाही.

तिसरी_घंटा

@विंगेतला, हे वाचून मी 'अर्धसत्य'चा तो तुकडा पुन्हा लावला. पटलं. शेवटच्या भेटीत तर हे जास्तच दिसतं. वेलणकर सगळीकडून हरून त्याच्याकडे मदत मागायला आलेला असतो. शेट्टी त्याला वाचवायला तयार आहे, पण एका अटीवर: आता माझं काम कर. शेट्टीला वाटतं सौदा झाला. आणि ज्या गळ्यातून आयुष्यात कधी वरचा सूर निघाला नाही, तोच गळा वेलणकर आवळतो.

अवलक्षणी_कार्टं

सगळे आरती ओवाळताय म्हणून खडा टाकतो. 'अर्धसत्य' आणि 'सडक' बाजूला काढा. उरतं काय? धर्मेंद्रसोबत मारामारीचे सिनेमे, मिथुनसोबत मारामारीचे सिनेमे, डोळे वटारणं, दात विचकणं. त्यांनी स्वतःच हो म्हटलं ना? कुणी हात पिरगाळला होता? दिग्दर्शकांनी झेरॉक्स काढल्या म्हणता, पण मूळ प्रत काचेवर ठेवणारा कोण होता?

गणपतीतला_पडदा

कार्ट्या, थांब. 'हुकूमत'बद्दल वाकडं बोलायचं नाही.

१९८७चा सिनेमा, आमच्या गावात आला त्यानंतर दोन वर्षांनी गणपतीत. मंडळवाले चौकात दोन बांबूंच्या मध्ये पांढरा पडदा बांधायचे आणि मशीन भाड्याने आणायचे. पुढच्या बाजूला मोठी माणसं सतरंजीवर. आम्ही पोरं पडद्याच्या मागे, विठ्ठलाच्या देवळाच्या पायऱ्यांवर. मागून सिनेमा दिसतो नीट, फक्त डावं-उजवं उलटं. नावं उलटी, गाड्यांचे नंबर उलटे, धर्मेंद्र डावखुरा. त्यात अमरापूरकरांचा डीबीएन, म्हणजे दीनबंधू दीनानाथ. नाव एवढं साजूक आणि धंदे असले! आमच्या गावात त्या वर्षी सगळ्या पोरांनी एका सावकाराचं नाव डीबीएन पाडलं. सावकार वारला, पण त्याच्या नातवाला आजही मागून डीबीएन म्हणतात.

सहाय्यक अभिनेत्याला आणखी काय पाहिजे?

अवलक्षणी_कार्टं

बरं बाबा, 'हुकूमत' माघारी. बाकीचं म्हणणं कायम.

डबिंगवाला

कार्टं यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण त्या काळात काम कसं चालायचं तेही बघायला हवं. मी नव्वदच्या दशकात काही वर्षं मुंबईत डबिंगच्या खोलीत सहाय्यक होतो. (यांच्यासोबत काम करायचा योग नाही आला, आधीच सांगतो.)

तेव्हा सेटवरचा आवाज बहुतेक टाकूनच द्यायचे. कॅमेऱ्याची घरघर, जनरेटर, बाहेर जमलेली गर्दी. तो आवाज फक्त खुणेपुरता. सिनेमा जोडून झाला की नटाने डबिंग थिएटरात येऊन सगळं पुन्हा बोलायचं. दृश्याचे छोटे तुकडे करून त्यांचे लूप लावायचे. एकच तुकडा पडद्यावर गोल गोल फिरत राहतो, नट हेडफोन लावून ओठ जुळवतो. हीरोला वेळ मिळायचा, पुन्हा पुन्हा घ्यायचे. सहाय्यक नट एका शिफ्टमधून दुसरीकडे जाताना मध्येच यायचा. सकाळी एका सेटवर जमीनदार, दुपारी दुसरीकडे पुढारी, संध्याकाळी आमच्याकडे तिसऱ्याच सिनेमाचा स्मगलर. सहा महिन्यांपूर्वी काय भावनेने बोललो होतो, ते त्या चार वाक्यांच्या लूपवरून आठवायचं.

अशा कारखान्यात काम करून ज्याचा आवाज तरीही ओळखू येतो, त्याचं मला कौतुक आहे. अमरापूरकरांच्या हिंदीला मराठी वळण होतं आणि त्यांनी ते लपवायची फार धडपड केली नाही. किंचित नाकातला, खरखरीत आवाज. डोळे मिटून ऐकला तरी कळतं.

मनीमाऊ

'सडक' कुणीच नीट काढत नाही म्हणून मी काढते.

आमच्याकडे १९९१ साली व्हीसीआर भाड्याने आणला होता, चुलत बहिणीच्या लग्नाआधी, पाहुणे रमावेत म्हणून. 'सडक' लागला तो गाण्यांसाठी. मग महाराणी आली, म्हणजे बाईच्या वेशातले अमरापूरकर. साडी, दागिने, कुंकू. खोलीत दहा-बारा बायका गजरे करत बसलेल्या, त्यांचे हात थांबले. माझी आई उठली आणि टीव्ही बंद केला. "लग्नघरात हे ध्यान नको." कुणीतरी म्हणालं, "अहो वहिनी, नट आहे तो, नगरचा आहे." आई म्हणाली, "असू दे. कुठचा का असेना."

त्यानंतर आईने त्यांना 'आँखें'मध्ये पाहिलं, 'इश्क'मध्ये पाहिलं, पोट धरून हसली. पण 'सडक' लागला की आजही रिमोट शोधते. वय ७८.

१९९१च्या सिनेमांपासून फिल्मफेअरने खलनायकासाठी वेगळं बक्षीस सुरू केलं आणि त्याचे पहिले मानकरी हेच, महाराणीसाठी. हिंदीत खलनायक काय कमी होते? प्राण होते, अमजद होते, अमरीश पुरी होते. पाटी कोरी असताना पहिलं नाव लागलं ते यांचं.

कोऱ्या_कागदावर

मनीमाऊ, छान लिहिलंय, पण एक टोचतं ते सांगते. आज महाराणी बघताना मला फक्त अभिनय दिसत नाही. तृतीयपंथी म्हणजे क्रूर, कुंटणखाना चालवणारी, मुली पळवणारी, हे चित्र त्या एका भूमिकेने किती घराघरांत पोचवलं! अभिनय जितका जबरदस्त, तितकं ते चित्र घट्ट बसलं. सिग्नलला टाळी ऐकली की गाडीची काच वर करणाऱ्या आमच्या पिढीच्या डोक्यात महाराणी असतेच.

मनीमाऊ

मान्य. आईने टीव्ही बंद केला तोसुद्धा नुसत्या अभिनयाला घाबरून नसेल.

विंगेतला

माझेही दोन पैसे. दोष लिहिणाऱ्याचा आहे, आणि बऱ्यापैकी मोठा आहे. पण नटाने काय केलं तेही बघा. बाईची भूमिका मिळाली की हिंदीत नट हमखास लचकतो, मुरडतो, प्रेक्षकांना डोळा मारून सांगतो की मी पुरुष आहे बरं का. तमाशातला नाच्यासुद्धा इतकं सैल करत नाही. अमरापूरकरांनी तो डोळा कुठेच मारलेला नाही. महाराणीला त्यांनी विनोद होऊ दिलं नाही. तीच तिची भीती आणि, कोऱ्या_कागदावर म्हणतात तसं, तोच तिचा उपद्रवही.

चहाबिस्कीट

आले परत. कुकर लावून.

कार्टं यांना उत्तर माझ्याकडे आहे. 'अर्धसत्य' आणि 'सडक' सोडून काय? 'दोघी'. १९९५, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाला अपघात होतो, नवरामुलगा जातो आणि मुलगी पांढऱ्या पायाची ठरते. त्यात अमरापूरकर मामा आहेत. मराठी माणसाला 'मामा' म्हटलं की आजोळ, सुट्टी, आंबे. तो मामा मुलीला मुंबईला नेतो आणि पुढे तिचं काय होतं ते पाहिलेल्यांना माहीत आहे. तोच चेहरा, तोच आवाज, पण 'हुकूमत'मधलं काही नाही. घरात चार माणसांसारखा बसतो, बोलतो. म्हणून तर अंगावर येतं.

गंमत बघा, १९९५ सालीच 'कुली नंबर वन'मध्ये ते शादीराम घरजोडे होते. गोविंदाचं लग्न जुळवणारा मध्यस्थ. एका वर्षात एक मामा आणि एक मध्यस्थ, दोघंही मुलीच्या आयुष्याचं ठरवणारे. एकाला बघून हसून पोट दुखतं, दुसऱ्याला बघून जेवण जात नाही.

नगरी_नग

चहाबिस्कीट, नमस्कार घ्या.

आणि दूरदर्शन कुणीच काढत नाही? श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मधले महात्मा फुले कोण? तात्याच. त्याआधी १९७९च्या '२२ जून १८९७' या सिनेमात लोकमान्य टिळक कोण? तेही तात्या. अनुयायांचं आजही एका मांडवात जमत नाही, पण चेहरा एकच चालला.

प्रवासी_पक्षी

फुले मी इथे न्यू जर्सीत बसून यूट्यूबवर पाहिले, मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी शोधताना. पंधरा मिनिटं मला कळलंच नाही की हा 'आखरी रास्ता'तला चतुर्वेदी आहे. मग त्यांनी "नहीं" म्हटलं आणि ट्यूब पेटली.

गणपतीतला_पडदा

अवांतर: न्यू जर्सीत गणपतीला पडदा बांधतात का?

प्रवासी_पक्षी

शाळेचा हॉल भाड्याने मिळतो. पडद्यामागे बसता येत नाही.

अवलक्षणी_कार्टं

'दोघी' मी पाहिलेला नाही, म्हणून त्यावर गप्प. पण मग माझा मुद्दा उलट पक्का होतो. फुले, टिळक, 'दोघी'चा मामा करू शकणारा नट हिंदीने डेव्हिड धवनच्या 'आँखें'मधल्या इन्स्पेक्टर प्यारेमोहनला जुंपला. लागूंचंही तेच. 'घरौंदा'साठी फिल्मफेअर मिळालं आणि पुढे वर्षानुवर्षं हीरोच्या मेलेल्या नाहीतर मरणाऱ्या बापाच्या भूमिका. नाना 'परिंदा'नंतर वर गेला तो अपवाद. बाकी मराठी नट हिंदीत म्हणजे हवालदार, पुढारी नाहीतर गुंड. बायका असतील तर मोलकरीण, गंगूबाई.

डबिंगवाला

हे मात्र शंभर टक्के. फक्त प्यारेमोहनला नावं ठेवू नका. गोविंदा आणि कादर खान दोघं टायमिंगचे बादशहा, त्यांच्यात उभं राहून आपला हशा वसूल करणं म्हणजे चेष्टा नाही. विंगेतला यांनी सांगितलं ते 'हँड्स अप'चं भांडवल हिंदीत चौपट होऊन परत आलं ते इथे. 'गुप्त'मधला इन्स्पेक्टर नीलकंठही याच काळातला.

कोऱ्या_कागदावर

आणखी एक बाजू राहिली. डॉ. लागू, निळू फुले यांच्यासोबत ते सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात होते. पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून निधी उभा करायचा, त्यासाठी या मंडळींनी गावोगाव 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. माझे काका अशाच एका संघटनेत होते. मानधनाची रक्कम छोटी असायची, पण काकू म्हणायची, "दर महिन्याला येते ना, तेच खूप." पडद्यावर गरिबांची झोपडी जाळणारे दोघं, निळूभाऊ आणि तात्या, यांच्या प्रयोगांवर आमच्याकडे किराणा भरला जायचा. हे मी लहानपणी शाळेत सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नव्हता.

२०१३च्या होळीचं आठवतंय? मराठवाड्यात दुष्काळ, टँकरच्या रांगा, आणि अंधेरीत रेन डान्स चाललेला. हे एकटे जाऊन बोलले की पाणी वाया घालवू नका. बासष्ट वर्षांच्या माणसाला तिथे धक्काबुक्की झाली. सिनेमात पन्नास गुंड पाळणारा माणूस, पण तिथे बाजूला कुणी नव्हतं.

नगरी_नग

ती बातमी वाचून आमच्या कट्ट्यावर एकच वाक्य होतं: "तात्यांनी रामा शेट्टीचा आवाज काढायला पाहिजे होता."

विंगेतला

त्याच वर्षी 'बॉम्बे टॉकीज' आला. त्यातल्या दिबाकर बॅनर्जींच्या गोष्टीत नवाजुद्दीन चाळीत राहणारा पडेल नट आहे. शूटिंगच्या गर्दीत त्याला अचानक एक फुटकळ काम मिळतं, कोपऱ्यात जाऊन तो सराव करायला लागतो. आणि तिथे त्याचे दिवंगत गुरू प्रकट होतात. गुरू म्हणजे अमरापूरकर. जेमतेम काही मिनिटं. मेलेला नाटकवाला जिवंत नटाला झापतोय, तेही एवढ्याशा कामासाठी. मी ते थिएटरात पाहिलं आणि बाजूचा माणूस काहीतरी चघळत होता त्याच्यावर खेकसलो. मला माझे तालीम मास्तर आठवले. ते असंच झापायचे, एका वाक्याच्या भूमिकेसाठीसुद्धा. "एकच वाक्य आहे ना? मग ते तरी नीट बोल."

चहाबिस्कीट

+१. तो तुकडा वेगळा काढून बघितला तरी चालतो.

तिसरी_घंटा

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा लांबला. काल रात्री मुलगा स्वतःहून म्हणाला, तो माणूस आहे तो आणखी काहीतरी लाव. मी विचारपूर्वक 'भारत एक खोज' काढत होतो. बायको म्हणाली, आधी 'कुली नंबर वन' लाव, पोरगं पळून जाईल. लावला. शादीराम आल्यावर दहा मिनिटांनी चिरंजीव: "हा तो नाही. तो बारीक होता."

तोच आहे म्हटलं, तर मोबाईल काढून शोधायला लागला. वायफाय चालू ठेवलं होतं.

अवलक्षणी_कार्टं

'दोघी' कुठे मिळेल? चांगली प्रत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बघून मग भांडायला येतो.